मी मागे घेतलेला अहवाल

पेडण्याच्या बाजारात मला दोन प्रकारची माणसं भेटतात. ज्यांच्या घरी मी कधी गेले नाही, ती हसून "कशी आसस गे नयनाबाय?" म्हणून विचारतात. ज्यांच्या घरी मी फाईल घेऊन एकदा तरी गेले आहे, ती आपल्या पोराला हाताला धरून जवळ ओढतात. एक आई तर माझ्यादेखत पोराला म्हणाली होती, "बघ, ती इली. मस्ती केलंस तर तुका व्हरतली."

पोरं नेणारी बाई. बावीस वर्षं नोकरी करून मी मिळवलेली ही पदवी. सुरुवातीला राग यायचा. आता येत नाही. कारण थोडंफार ते खरंही आहे.

आमची संस्था लहान. पेडण्यात तीन खोल्यांचं ऑफिस आणि मागच्या बाजूला मुलींसाठी एक बालगृह, वीस खाटांचं. काम काय ते बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं आहे. एखादं मूल एकटं पडलं, कुणाला नकोसं झालं, किंवा जिथे आहे तिथे त्याच्या जिवाला धोका आहे असं कळलं, तर त्याला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. समिती म्हणजे सरकारने नेमलेली पाच माणसं. मूल कुणाकडे राहील ते ती ठरवतात. पण त्यांना काही गावोगाव फिरता येत नाही. म्हणून माझ्यासारखीला पाठवतात. मी जाते, घर बघते, घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशी बोलते आणि चार पानांचा अहवाल लिहिते. समिती तो वाचते आणि बहुतेक वेळा त्याप्रमाणेच निर्णय देते. म्हणजे बाजारातल्या त्या बाईचं फारसं चुकत नव्हतं. मूल माझ्या हातांनी जात नसेल, माझ्या पेनाने जातं.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "तुमच्या कामातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट लिहा." मी बराच विचार केला. लोंढा स्टेशनावर हरवलेल्या पोरीला तिच्या आईकडे पोचवलं होतं, ते लिहावं असं वाटलं. एक बालविवाह हळदीच्या दिवशी थांबवला होता, तोही होता. पण खरा अभिमान कशाचा असं स्वतःला विचारलं, की मला इब्रामपूरच्या जानकीआतेचं घर आठवतं. आणि त्या गोष्टीची सुरुवात मी केलेल्या सगळ्यात वाईट कामाने होते.

त्या दोघी बहिणी आमच्याकडे आल्या त्या एप्रिलमधल्या एका दुपारी. थोरली रूपा अकरा वर्षांची, धाकटी सायली पाच वर्षांची. आई इस्पितळात वारली होती. बाप खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. खाणी बंद पडल्यावर कामाच्या शोधात म्हणून कर्नाटकात गेला तो परत आलाच नाही. आईचे अंत्यसंस्कार गावकऱ्यांनी केले आणि वॉर्डातल्या नर्सने आम्हाला फोन केला, कारण या दोन मुली वॉर्डाबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसून होत्या.

रूपाने सायलीचा हात धरला होता तो सोडायला तयार नव्हती. मी दोघींना पाव आणि चहा दिला. रूपा एका हाताने पाव चहात बुडवून आधी बहिणीला भरवत होती, मग स्वतः खात होती.

"तुमचं कोण आहे गं?" मी विचारलं.

"दिचलेक मामा आसा. आनी इब्रामपुराक आते."

म्हणजे दोन घरं. मी फाईल उघडली आणि दोन्ही पत्ते लिहून घेतले. माझ्या हिशेबाने ते सोपं प्रकरण होतं.

दोघींना समितीपुढे नेलं, घरं बघायचा आदेश घेतला आणि आधी दिचलेला, म्हणजे डिचोलीला गेले. मी मूळची डिचोलीचीच, वडील एका कंपनीत कारकून, त्यामुळे तो भाग माझ्या पायाखालचा. मामाचं हार्डवेअरचं दुकान. घर दुमजली, फरशी लख्ख, खिडक्यांना पडदे. मामाने मला खुर्ची दिली, मामीने सरबत आणलं. मामा म्हणाले, "मॅडम, माझी बहीण होती ती. थोरलीला मी पोटच्या पोरीसारखी सांभाळीन. दोघी मात्र जमणार नाहीत. आमच्याकडे जुळी आहेत, आठ महिन्यांची." त्यांनी वरची खोली दाखवली. खाट, टेबल, टेबलावर दिवा. मी लिहिलं: घर स्वच्छ, अर्जदार सुशिक्षित, अभ्यासासाठी स्वतंत्र खोली उपलब्ध.

दुसऱ्या दिवशी इब्रामपूर. पेडण्याहून बसने निघाले, मग फाट्यावर पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल केली. काजूचा मोसम ऐन भरात होता. गावात शिरताच बोंडांचा तो आंबूस गोड वास नाकात भरला. आतेचं घर टेकडीच्या पायथ्याशी, मातीच्या भिंतींचं, वर कौलं. मी हाक मारली तेव्हा साठीकडे झुकलेली एक उंच बाई बाहेर आली. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत चिकट. सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, ती वाट अडवून उभी राहिली.

"कोण गे तू? कित्याक इलंस?"

मी माझं नाव सांगितलं, सरकारी कामासाठी आले म्हटलं, फाईल उघडली आणि आमच्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न विचारला. "तुमचा व्यवसाय काय? उत्पन्न किती?"

तिचा चेहराच बदलला. "मी काय करणंय ना, काय विकणंय ना. माज्याकडे काय ना. जा तू."

"अहो, पण मला घर आतून बघावं लागेल."

"माजा घर तुका कित्याक दाखवू? जा म्हटलंय न्ही!" आणि तिने दार लावून घेतलं.

मी सोप्यावर उभी राहिले. दाराच्या फटीतून फेणीचा उग्र वास येत होता. कोपऱ्यात एक अर्धी बाटली होती. मुलींचं नावसुद्धा माझ्या तोंडून निघायचं राहून गेलं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. भर उन्हात इतक्या लांब आले आणि तोंडावर दार आपटून घेतलं, एवढंच डोक्यात राहिलं. शेजारच्या घराला कुलूप होतं. पायलट हॉर्न वाजवत होता. मी परत फिरले आणि त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला. ते वाक्य मला अजून पाठ आहे. "संबंधित महिला उद्धट असून तिने सहकार्य करण्यास नकार दिला. घरात दारूचा तीव्र वास. मद्यपानाची शक्यता नाकारता येत नाही. बालकांच्या दृष्टीने घर योग्य वाटत नाही."

समितीपुढे दोघी बहिणी पुन्हा उभ्या राहिल्या. नियमाप्रमाणे मुलांनाही विचारतात. अध्यक्षबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मनाने चांगल्या. त्यांनी रूपाला जवळ बोलावून विचारलं, "तुला कुठे राहायचंय, बाळा?"

रूपा म्हणाली, "आमका दोगांकय आतेकडे धाडा."

"तुझ्या आतेच्या घरात दारू असते?"

रूपा खोटं बोलणारी मुलगी नव्हती. थोडा विचार करून ती म्हणाली, "फेणी आसता."

अध्यक्षबाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. ती फेणी कशाला असते, कोण पितं, असा पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. मी तिथेच बसले होते. मीही विचारला नाही.

निर्णय झाला. रूपा मामाकडे, सायली आमच्या बालगृहात. तात्पुरती सोय म्हणून. मामा व्हॅन घेऊन आले. रूपा रडली नाही. तिने सायलीच्या वेण्या सोडून पुन्हा घट्ट बांधल्या, कारण उद्यापासून कोण बांधील ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ती गाडीत जाऊन बसली.

सायलीने पुढचे चार दिवस पायातल्या चपला काढल्या नाहीत. घरात, जेवताना, झोपतानासुद्धा. सांभाळणाऱ्या बाईने कारण विचारलं तर म्हणाली, "ताय इली की जावचा आसा."

पाचव्या दिवशी तिने आपणहून चपला काढल्या आणि खाटेखाली ठेवल्या. मूल रुळलं, असं आमच्या नोंदवहीत लिहिलेलं आहे. ते अक्षर माझंच.

मुलाला एखाद्या घरी ठेवलं की काही आठवड्यांनी तिथे जाऊन बघायचं, याला आम्ही पाठपुरावा म्हणतो. शाळा सुरू होऊन महिना झाला तेव्हा मी डिचोलीला गेले. न कळवता जायचं, हा लीलाताईंचा नियम. लीलाताई आमच्या संस्थेच्या प्रमुख. शाळेचा दिवस होता, वेळ सकाळी अकराची. दार रूपाने उघडलं. तिच्या कडेवर जुळ्यांतला एक होता आणि दुसरा आत पाळण्यात रडत होता.

"शाळेत गेली नाहीस?"

"आज नाही गेले, टीचर." आमच्याकडच्या मुली मला टीचरच म्हणतात. पण एवढ्या दिवसांत तिची भाषा डिचोलीच्या घरातली झाली होती.

मामी आतून घाईघाईने आल्या. "आजच राहिली हो. माझं डोकं दुखत होतं म्हणून."

मी वरच्या खोलीत गेले. टेबलावर नवंकोरं दप्तर होतं. मी ते उघडलं. आत दुकानदार आकार टिकावा म्हणून कोंबतो तो कागदाचा बोळा तसाच होता. मी तो बोळा बराच वेळ हातात धरून उभी राहिले. खाली आले तेव्हा रूपा बाळाचे लंगोट पिळत होती. बोटांची सालं निघाली होती.

तिने मला एकच विचारलं. "सायलीच्या वेण्या कोण घालतं?"

मामा वाईट माणूस होता असं मी आजही म्हणणार नाही. त्याने तिला मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. घरात दोन तान्ही मुलं, बायको थकलेली, आणि हाताशी एक समजूतदार मुलगी. एक दिवस राहा, मग आणखी एक दिवस, असं होत गेलं. पण मी त्या खोलीतल्या दिव्यावर भाळून अहवाल लिहिला होता, आणि दोघींपैकी एकच मुलगी, तीही थोरलीच, त्यांना का हवी होती, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता.

त्याच आठवड्यात सायलीला ताप आला. मी तिच्या खाटेशी बसले होते. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, पण ती कण्हत म्हणत होती, "माका फेणी लाय गे."

मी चपापले. "फेणी? तू फेणी पितेस?"

तापातही तिला माझ्या अडाणीपणाचं हसू आलं असावं. "पिवची न्ही! चोळूची. आते माज्या छातीक चोळता. तिच्या पांयाकय लायता."

"आणि आते पिते?"

"आते पियेना गे. तिका वास सोसना, म्हणान नाकार फडको बांदता."

मी गोव्यात जन्मले, वाढले. सर्दी-तापाला, सांधेदुखीला फेणी चोळतात हे माझ्या आजीच्याही घरी होतं. मला ते ठाऊक होतं. त्या दिवशी इब्रामपुरात दारावर उभी असताना मला ते आठवलं नाही, कारण मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा इब्रामपूर गाठलं. भाताची लावणी चालू होती. आते चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभी होती. मला बघून तिने हातातली रोपांची जुडी खाली ठेवली.

"आता कित्याक इलंस? काजूंचो सीझन सोंपलो. माज्याकडे आता थेंब ना."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आते, मी अबकारीची नव्हे हो! दारूच्या खात्याची नव्हे मी."

"नाय? मगे कोणाची तू?"

"रूपा-सायलीची."

ती बांधावर आली. तिने सांगितलं ते असं. त्या वर्षी गावात कुणीतरी तक्रार केली होती आणि अबकारी खात्याची माणसं भट्ट्या बघत फिरत होती. तिची भट्टी नव्हती. ती दुसऱ्याच्या भट्टीवर बोंडं मळायला जायची आणि मोबदल्यात मिळालेल्या दोन-चार बाटल्या घरी ठेवायची. फाईल घेतलेली अनोळखी बाई येते, सरकारी काम म्हणते आणि पहिलाच प्रश्न 'व्यवसाय काय, उत्पन्न किती' असा विचारते. तिने दार लावलं नसतं तर नवल.

"चेडवां बरी आसत न्ही मामाकडे? दोगांय?" तिने विचारलं. "मोठ्या घरात पडली म्हणान मी गप ऱ्हवलंय. माज्याकडे काय आसा?"

मामाने दोघींना नेलं, असं गावात ऐकून ती बसली होती. तिला कुणीही काही कळवलं नव्हतं. म्हणजे मी कळवलं नव्हतं. मी तिला खरं ते सांगितलं. रूपा पाळणा हलवते. सायली आमच्याकडे एकटी आहे. आणि हे माझ्या कागदामुळे झालं.

आतेने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती उठली, पाटाच्या पाण्यात हातपाय धुतले आणि घराकडे चालू लागली. मी मागून गेले. या वेळी दार उघडंच होतं. एकच मोठी खोली, शेणाने सारवलेली, मागे चूल. कडेला फळीवर रूपाची शाळेची पुस्तकं, प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेली. आई आजारी होती ते आठ महिने, शेवटी गावकरी त्यांना आईला बघायला इस्पितळात घेऊन गेले तोवर, दोघी इथेच राहत होत्या.

"ही पुस्तकं..."

"चार दिसांनी सोडतंय, चुलीकडे सुकत घालतंय, परत बांदतंय. पावसात बुरशी धरता." आते म्हणाली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं.

तोपर्यंत तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि हातात पिशवी घेतली होती. "चल."

"कुठे?"

"चेडवांक हाडूक."

मला तिला सांगावं लागलं की असं जाऊन आणता येत नाही. समिती आहे, तारीख आहे, कागद आहेत. ती पिशवी हातात धरून मी बोलेपर्यंत ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तू बिगडयलंस, तू नीट कर."

ऑफिसात येऊन मी लीलाताईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या समितीच्या अध्यक्षांना फोन करतील, बोलून काहीतरी मार्ग निघेल. लीलाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नवा अहवाल लिही. आणि त्यात पहिल्याच ओळीत लिही की आधीचा मी मागे घेते."

"ताई, परिस्थिती बदलली असंही लिहिता येईल."

"बदलली का?"

"नाही."

"मग?" त्या म्हणाल्या. "ज्या कागदाने पोरी वेगळ्या झाल्या तो कागद फाईलीत तसाच राहिला, तर पुढे कधीही कुणीतरी तो काढून त्या बाईच्या तोंडावर मारील. दारू पिणारी म्हणून. तिचं नाव तू खराब केलंस. ते तूच साफ करायचं."

संस्थेचं काय होईल, आपल्या अहवालांवर पुढे कोण विश्वास ठेवील, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते माझ्यावर सोड." पुढे काही महिने समितीने आमचे अहवाल दोनदा तपासून घेतले आणि लीलाताईंना एक खरमरीत पत्रही आलं. ते त्यांनी मला दाखवलं नाही. त्या निवृत्त झाल्यावर मला फाईलीत सापडलं.

मी सहा पानं लिहिली. त्यासाठी तीन वेळा इब्रामपूरला गेले. अंगणवाडीच्या बाईंना भेटले, शाळेच्या मास्तरांना भेटले, पाच शेजाऱ्यांना भेटले, संडासाचं दार लागतं का तेही बघितलं. लागत नव्हतं. आतेला सांगितलं, तिने दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं.

समितीपुढे मी उभी राहिले. मामा एका बाजूला, आते दुसऱ्या बाजूला, दोघी बहिणी लीलाताईंजवळ. अध्यक्षबाईंनी पहिली ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तुमचा पहिला अहवाल खोटा होता?"

"खोटा नव्हता, मॅडम. चुकीचा होता. मी घराच्या आत गेले नव्हते. ज्या मुलींसाठी गेले होते त्यांचं नावही मी या बाईंना सांगितलं नव्हतं. मी वासावरून लिहिलं."

"तुमच्या शब्दावर आम्ही निर्णय दिला होता."

"होय. म्हणूनच आले."

एका सदस्याने शाळेतलं हजेरीपत्रक बघितलं आणि मामाला विचारलं. मामा आधी चिडले, आपण उपकार केले असं म्हणाले. मग रूपाच्या हातांकडे त्यांचं लक्ष गेलं.  ते म्हणाले, "शाळेचं माझं चुकलं. ते मी नाकारत नाही."

अध्यक्षबाईंनी आतेला विचारलं, "तुमचं शिक्षण नाही, शेती लहान, वयही झालेलं. दोन मुली कशा सांभाळणार?"

आतेला प्रश्नच कळला नाही. "आठ म्हयने सांभाळल्यो न्ही?" ती म्हणाली. "तेवां कोणी इचारूक इला नाय."

खोलीत कुणीतरी हसलं, बहुतेक अध्यक्षबाईच. तीन महिन्यांसाठी दोघी बहिणी आतेकडे, दर महिन्याला माझी भेट, शाळेत एकही दिवस विनाकारण खाडा नको, असा आदेश निघाला. तीन महिन्यांनी तो कायम झाला.

बाहेर आल्यावर रूपाने पहिलं काम केलं ते म्हणजे सायलीच्या वेण्या सोडल्या. आमच्या बाईंनी घातल्या होत्या, तिला पसंत पडल्या नाहीत.

मी दर महिन्याला गेले. कायमच्या आदेशात एक वर्ष लिहिलं होतं, मी पुढेही जात राहिले. आतेने मला पूर्ण माफ केलं असं वाटत नाही. मी गेले की ती मुद्दाम विचारायची, "वास येता गे आज?" एका मोसमात तिने मला काजूच्या माळावर नेलं, बोंडं पायाखाली कशी मळतात ते दाखवलं आणि पेलाभर ताजा निरो, म्हणजे बोंडांचा गोड रस, प्यायला दिला. "ह्या लिव तुज्या कागदार," म्हणाली. मी लिहिलं नाही, पण दुसरा पेला मागितला.

ते प्रकरण मिटल्यावर मी एक काम केलं. माझ्या जुन्या फाईली काढल्या आणि ज्या घरांच्या मी आत गेले नव्हते, दारातूनच लिहिलं होतं, ती वेगळी केली. सुट्टीच्या दिवशी एकेका घरी पुन्हा गेले. बहुतेक ठिकाणी बरं होतं. दोन ठिकाणी दुरुस्ती करता आली. एका घराला कुलूप होतं. ते कुटुंब बेळगावकडचं, बांधकामावरचं, काम संपवून निघून गेलेलं. त्या मुलाचं पुढे काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही. माझ्या कामाबद्दल कुणी फार चांगलं बोलायला लागलं, की मला ते कुलूप दिसतं.

आज आमच्याकडे नवीन मुलं-मुली कामाला लागतात. चांगली शिकलेली असतात, मोबाईलवर फोटो काढून तिथेच अहवाल लिहितात. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्यापुढे इब्रामपूरच्या घराचे दोन्ही अहवाल ठेवते, चार पानांचा आणि सहा पानांचा. खाली दोन्हींवर माझीच सही आहे. वाचून झालं की ती माझ्याकडे कशी बघतात ते मी बघत असते. एखादी अवघडते. मग मी सांगते, "मला या दुसऱ्यापेक्षा जास्त कशाचा अभिमान नाही. पण पहिल्याशिवाय दुसरा वाचायचा नाही."

दोन वर्षांपूर्वी जानकीआते गेली. भाताच्या कापणीनंतर चार दिवस अंथरुणावर होती, बस. तेव्हा रूपा एकवीस वर्षांची, शेतकी शाखेचा डिप्लोमा करून कृषी खात्याच्या एका प्रकल्पात कामाला लागलेली. सायली दहावीत. कायद्याने सायली अजून मूल, आणि तिचा पालक आता नव्हता. म्हणजे प्रकरण पुन्हा समितीपुढे. अर्जदार म्हणून रूपाने नाव दिलं होतं. घरभेटीला मी गेले.

"टीचर, सगळा उगडून बघा," रूपा म्हणाली आणि तिने स्वतःच एकेक दार उघडत नेलं. कपाट, तांदळाचा डबा, संडास, मागची पडवी. शेणाच्या जमिनीवर आता फरशी होती. सायली पुस्तकांत डोकं घालून बसली होती. तिने मान वर केली नाही. मी फॉर्मवरचे सगळे प्रश्न विचारले, एकही गाळला नाही. रूपाने सगळ्यांची उत्तरं दिली. 'अर्जदाराचे बालकाशी नाते' या रकान्यापाशी मी थांबले आणि मग 'बहीण' असं लिहिलं. आजवरच्या नोकरीत तो शब्द त्या रकान्यात मी पहिल्यांदाच लिहीत होते.

म्हापशातल्या समितीतली माणसं आता नवी होती. त्यांनी जुनी फाईल मागवली होती. माझे तिन्ही अहवाल त्यांच्यापुढे होते. अध्यक्ष सावकाश वाचत होते, मधूनच रूपाला काही विचारत होते. अर्धा तास गेला. मग त्यांनी सायलीला पुढे बोलावलं आणि नेहमीच्या मायेच्या सुरात म्हणाले, "घाबरू नको बाळ. तुला कुठे राहायचंय ते मनातलं सांग. वेळ घे."

सायलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "सर, माजो फाल्यां गणिताचो पेपर आसा. म्हापशासून आमची बस चुकतली. आमी घरा गेल्यार जायत?"

उद्याचा पेपर, घरी जायची बस. अध्यक्ष माझ्याकडे बघू लागले. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण माझ्या डोळ्यांचं काही खरं नव्हतं. त्यांनी पेन उचललं, कागद ओढला आणि म्हणाले, "जा, जा. पळ."

ते सही करत होते तेव्हा त्या दोघी जिना उतरत होत्या, आणि रूपाचा आवाज खालून वर येत होता: "सूत्रां पाठ केलंय न्ही गे सगळी?"